टोपली आत घ्या

(पडदा काळा. रातकिड्यांचा आवाज. मग पानांवरून सरकत जाणारा एका बॅटरीचा झोत.)

पहाटेचे साडेतीन. विरार स्टेशनातून अर्नाळ्याच्या रस्त्याला लागलं की वाटेत आगाशी येतं, तिथली ही वाडी. उजेड आहे तो मावशींच्या कपाळाला बांधलेल्या बॅटरीचा. दोन्ही हात मोकळे लागतात ना. एका हाताने फांदी खाली घ्यायची, दुसऱ्याने फूल खुडायचं.

(अगदी जवळून : अंगठा, तर्जनी, फुलाचं देठ.)

नख लावलेलं नाही, बघा. देठ दोन बोटांत धरून जरासं मुरडलं की फूल हातात येतं. ओढलं तर पाकळ्या सैल होतात, आणि सैल झालेला चाफा दादरला पोचेपर्यंत तोंड उघडून बसतो. मग त्याला गिऱ्हाईक नाही.

हा सोनचाफा. तसा हा मोठा वृक्ष, एखाद्या जुन्या देवळाच्या आवारात दिसतो तेवढा. वाडीतली ही मात्र कलमं आहेत. छाटून छाटून माणसाच्या उंचीची ठेवलेली. अंधारात शिडी कोण लावणार?

"उजाडल्यावर नाही का तोडत?" असं आम्ही विचारलं. मावशींनी मान वर न करता उत्तर दिलं, "उजाडल्यावर मी दादरला असते."

(दुसरी वाडी. मोगऱ्याचे ताटवे. बॅटरीच्या उजेडात पांढरे ठिपके.)

मोगऱ्याचं गणित वेगळं. चाफा उमलायच्या बेतात असताना खुडायचा आणि मोगरा मिटलेला असताना. कळी टपोरी हवी, पांढरी हवी, पण बंद. बॅटरीच्या झोतात हिरवट कळी आणि पांढरी कळी लगेच वेगळी ओळखू येते. हिरवट आहे ती उद्याची, तिला हात लावायचा नाही. ही निवड इतकी भरभर चाललेली असते की कॅमेऱ्याला ती हळू करून दाखवावी लागली. तुम्ही आत्ता बघताय तो वेग निम्मा आहे.

चैत्र चालू आहे म्हणून मोगरा. थंडीत हेच ताटवे मोकळे दिसतात, तेव्हा बाजारात कागडा येतो. कागड्याला वास जवळजवळ नाहीच, पण टिकाऊ असतो. गजऱ्यात तो मोगऱ्याची बदली ड्यूटी करतो.

(बावखल. पाण्यात बुडणारं गोणपाट.)

हे बावखल. वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. समुद्र इतका जवळ असूनही इथली फुलं, केळी, भाजी पिढ्यान्पिढ्या पिकत आली ती अशा तळ्यांच्या पाण्यावर. गोणपाट यात बुडवून पिळलं जातं. टोपलीच्या तळाला केळीचं पान, त्यावर कळ्या, वर पुन्हा पान आणि सगळ्यावर हे ओलं गोणपाट. बर्फ नाही, थर्माकोल नाही. चाफा वेगळा, थरांमध्ये, मोजून. चाफा शेकड्यावर विकतात आणि मोगरा किलोवर.

ही सगळी खटपट ज्या गजऱ्यासाठी चालली आहे, त्याची किंमत दादरच्या पुलावर वीस रुपये आहे.

(विरार स्टेशन. फलाटावर टोपल्यांची रांग. गाडी येताना लांबून.)

विरारला लोकल आली ती १८६७ साली. त्या वर्षी १२ एप्रिलला विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत लोकल सुरू झाली, दिवसाला जायला एक आणि यायला एक. रेल्वे होती बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया, आज आपण जिला पश्चिम रेल्वे म्हणतो. आज विरार ते चर्चगेट हे साठ किलोमीटर अंतर लाखो माणसं रोज उभ्याने कापतात. पण जरा फुलांच्या बाजूने विचार करा. सकाळी खुडलेली कळी त्याच सकाळी मुंबईत विकायची असेल, तर ही गाडी हवीच. ती नसती तर आगाशीचा मोगरा आगाशीच्याच देवळांत वाहिला गेला असता.

(गाडी थांबते. गलका. "टोपली आत घ्या, टोपली!")

हा लगेजचा डबा. आतल्या भिंतींना लागून थोडी बाकं, बाकी मोकळी जमीन. दिवसभर या डब्याकडे कोणाचं लक्ष नसतं, पण पहाटे याच्याइतका जिवंत डबा अख्ख्या गाडीत नाही. अर्नाळ्याच्या कोळिणी पाट्या घेऊन या बाजूला आणि फुलवाले त्या बाजूला. मासळीशेजारी मोगरा ठेवायचा नाही, हा नियम कुठे लिहिलेला नाही आणि कोणी मोडतही नाही. मध्ये केळीच्या पानांचे भारे, पालेभाजीच्या जुड्या, जास्वंदीच्या कळ्यांची पुडकी.

पाठीला सॅक, कानात इअरफोन आणि माल काहीच नाही, असे हे तिघे. हेही याच डब्यात चढलेत. बाकीच्या डब्यांत पाय ठेवायला जागा नाही हे खरं. पण तीन माणसं उभी राहिली की एका टोपलीची जागा जाते. मावशी त्यांना काही बोलत नाहीत. टोपली दोन्ही पायांमध्ये ओढून घेतात आणि पदर खोचून उभ्या राहतात.

देशातली पहिली एसी लोकल याच मार्गावर, २०१७ च्या नाताळच्या दिवशी, बोरिवलीहून सुटली. आता अशा गाड्या बऱ्याच झाल्या, चांगल्याच आहेत. आम्ही या फलाटावर चार पहाटा उभे होतो. एसी गाडी आली की टोपल्या जागच्या हलायच्या नाहीत. त्या पुढच्या गाडीची वाट बघायच्या. तिकडे मध्य रेल्वेवर २०२५ मध्ये एका गाडीतला एक लगेजचा डबा ज्येष्ठ नागरिकांसाठी करून देण्यात आला. म्हाताऱ्या माणसांना बसायला मिळावं, याला नाही कोण म्हणेल? फक्त टोपली त्यानंतर कुठे बसणार, एवढं विचारायचं राहून जातं.

(धावती गाडी. दारातून वसईची खाडी, उजाडतंय.)

(निवेदन नाही. गाडीचा आवाज.)

(दादर. पूल. डोक्यावर टोपल्या.)

दादर. पश्चिम आणि मध्य, दोन्ही रेल्वे इथे एकमेकींना भेटतात. पूर्वी इथे एक नंबरचे फलाट दोन होते आणि नव्या माणसाची त्यात हमखास फजिती व्हायची. डिसेंबर २०२३ पासून फलाटांना एक ते चौदा असे सरळ आकडे मिळाले. फुलवाल्यांना त्याने काही फरक पडला नाही. ते फलाट नंबराने ओळखत नाहीत, जिन्याने ओळखतात.

जिना उतरून पश्चिमेला आलं की मीनाताई ठाकरे फूलमंडई आणि तिच्याबाहेर रस्ताभर सांडलेला बाजार. झेंडूचे ढीग, शेवंती, गुलाबाच्या जुड्या, तुळशीचे भारे. मोगरा इथे फक्त वसई-विरारचाच येतो असं नाही, जव्हार-विक्रमगडकडचाही येतो. भाव सहाला एक असतो आणि आठला दुसरा. मावशींची टोपली पंचवीस मिनिटांत रिकामी झाली. त्यांनी गोणपाट झटकलं, घडी केली, आणि त्या चहा प्यायला गेल्या.

(जिन्याच्या कडेला बसलेल्या आजी. पायाच्या अंगठ्याला दोरा.)

आता या आजींचे हात बघा. आमच्याकडे यांचं एकवीस मिनिटांचं चित्रीकरण आहे. कापताना जीव जड झाला.

दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला. चार कळ्या उचलल्या. दोघींचे देठ इकडे, दोघींचे तिकडे, मध्ये देठावर देठ. त्यावरून दोऱ्याचा एक फेरा. त्याच फेऱ्याखालून दोरा काढून घेतला आणि ओढला. ही गाठ नव्हे. गाठ मारली तर देठ चिरडतं आणि कळी उमलायच्या आधीच काळी पडते. नुसता फेरा सैल राहिला तर चालत्या बाईच्या केसांतून कळ्या गळत जातात. या दोन्हीच्या मधला एक ताण आहे, तो अंगठ्याला कळतो. पुढच्या चार कळ्या. फेरा, ओढ. पुढच्या चार.

एक वीत गजरा. आम्ही घड्याळ लावलं होतं : दोन मिनिटांच्या आत.

"शिकायला किती दिवस लागले?" आजी म्हणाल्या, "शिकले कुठे? आई करायची, मी शेजारी बसायचे."

(लेडीज डबा. थरथरतं, उभं चित्र.)

हे चित्रीकरण आमचं नाही. सकाळी नऊच्या लेडीज डब्यात आमच्या कॅमेरामनला कोण चढू देणार? डोंबिवलीहून येऊन दादरला गाडी बदलणाऱ्या आणि अंधेरीला उतरणाऱ्या मैत्रिणींपैकी एकीने हे आपल्या मोबाइलवर घेतलं.

चर्चगेट-बोरिवली मार्गावर महिलांची पहिली स्पेशल गाडी मे १९९२ मध्ये सुरू झाली. ही ती नव्हे, ही आपली साधी गाडी आहे. पाच जणींचा ग्रुप. ज्या दिवशी जिची पाळी, तिने पुलावरून पाच गजरे घ्यायचे. हिशोब कोणी ठेवत नाही, तरी आज पाळी कोणाची हे पाचही जणींना पाठ असतं.

(जवळून : दातांत धरलेली काळी पिन. एका हातात वेणी, दुसऱ्यात गजरा.)

"मान हलवू नकोस गं."

"लवकर कर, पार्ला गेलं."

"गेलं तर गेलं. वाकडा माळून पाठवू का तुला?"

पिन बसली. चित्र इथे हलतं, कारण मोबाइल धरणारीलाही उतरायचंय.

गंमत अशी की गजऱ्याला आत्ता वास नाही. कळ्या मिटलेल्या आहेत. मोगरा उमलतो संध्याकाळकडे. म्हणजे दुपारी चारच्या सुमारास, एसी लावलेल्या कुठल्यातरी ऑफिसात, महिनाअखेरचे आकडे जुळवताना कोणीतरी मान वर करून विचारणार, "वास कुठून येतोय?"

(टॅक्सीच्या काचेपाशी देवाच्या तसबिरीपुढे दोन चाफे. सिग्नलला खिडकीतून आत येणारं चाफ्याचं पुडकं.)

(इमारतीच्या दारातलं टेबल. रजिस्टर.)

परळच्या एका इमारतीतले हे सिक्युरिटीवाले काका. बारा तासांची ड्यूटी, एक खुर्ची, एक पंखा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी नाव लिहायचं हे रजिस्टर. काका रोज सकाळी एक चाफा घेतात. एकच. आणि तो रजिस्टरमध्ये ठेवतात, आजच्या पानावर.

(एक कुरियरवाला रजिस्टर उघडतो. क्षणभर थांबतो. सही करतो.)

आम्ही तासभर तिथे कॅमेरा लावून बसलो होतो. बावीस जणांनी रजिस्टर उघडलं. सगळ्यांचे चेहरे दाखवत नाही, पण हे चार बघा.

(चार चेहरे. निवेदन नाही.)

(वाडी, वरून घेतलेलं दृश्य. हिरव्या चौकोनांच्या कडेला इमारतींची रांग.)

२००९ मध्ये वसई-विरारची महापालिका झाली, गावं शहरात आली, वाड्यांच्या जमिनीला वेगळा भाव आला, काही बावखलं बुजली. तो विषय मोठा आहे. आपण दादरला परत जाऊ.

(संध्याकाळ. पुलावर गर्दी. आजींच्या परडीत शेवटचे सात-आठ गजरे, आता अर्धे उमललेले.)

साडेसहा. सकाळच्या कळ्या आता फुलं झाल्यात आणि पुलाच्या या टोकाला वासाचा नुसता दाटवा आहे. सकाळी गजरा घेणाऱ्या बहुतेक बायका होत्या, संध्याकाळी बहुतेक पुरुष. भाव कोणी फारसा करत नाही. बोट दाखवतात, नोट देतात, आणि मग पंचाईत होते. गजरा ठेवायचा कुठे? खिशात चुरडतो. हातात धरला तर विरार लोकलमध्ये चढताना हात दांड्याला लागतो. शिवाय डब्यातले मित्र बघणार.

हे एक साहेब. तोंड दाखवायचं नाही, या अटीवर त्यांनी हात दाखवू दिले.

(जवळून : ऑफिसची बॅग. स्टीलचा डबा. वरचं झाकण निघतं.)

पोळीचा डबा. ऑफिसात जेवण झाल्यावर धुऊन, पुसून कोरडा केलेला. गजरा गोल गुंडाळून त्यात. झाकण. वरून भाजीचा डबा. चेन बंद. डबा रोज घासून आणणारा नवरा म्हणून घरी त्यांचं कौतुक होतं. ते तो का घासतात, हे घरच्यांना ठाऊक आहे की नाही, ते सांगत नाहीत.

कुठे राहता, असं विचारलं.

"नालासोपारा."

तिथे मिळत नाही गजरा?

"मिळतो की. स्टेशनबाहेरच." जरा थांबून म्हणाले, "पण हिला दादरचा लागतो."

(विरार फास्ट. लगेजच्या डब्यात रिकाम्या टोपल्या एकात एक घातलेल्या. शेजारच्या डब्याच्या दारात साहेब, छातीशी बॅग धरलेली.)

आगाशीहून पहाटे निघालेला मोगरा रात्री सव्वाआठला नालासोपाऱ्याला उतरला. आगाशी तिथून पुढचं स्टेशन आणि वर थोडी रिक्षा.

(साहेब जिन्याकडे जातात. गाडी सुटते. लगेजच्या डब्याच्या दारात एक टोपली, तिच्यात घडी केलेलं गोणपाट.)

(पडदा काळा. रातकिडे.)