हवाईची तीन मतं, दोन दावेदार

(दृश्य: होनोलुलू. इओलानी राजवाड्याचा रिकामा जिना.)

19 डिसेंबर 1960. या राजवाड्यात सहा माणसं जमली. तीन रिपब्लिकन, तीन डेमोक्रॅट. अमेरिकेचा अध्यक्ष ठरतो तो इलेक्टरांच्या मतांवर; इलेक्टर म्हणजे राज्यात जिंकलेल्या उमेदवाराच्या बाजूनं मत देणारे प्रतिनिधी. हवाई राज्याच्या वाट्याला ते होते तीनच. तरी सहाही जणांनी मतं दिली, कागदांवर सह्या केल्या आणि पाकिटं बंद करून वॉशिंग्टनला धाडली. रिपब्लिकनांच्या पाकिटात अध्यक्षपदासाठी नाव होतं रिचर्ड निक्सन, डेमोक्रॅटांच्या पाकिटात जॉन केनेडी. राज्य एकच.

हवाईला राज्याचा दर्जा मिळाला 21 ऑगस्ट 1959 ला. अमेरिकेचं पन्नासावं राज्य, आणि अध्यक्ष निवडायची ही त्यांची पहिलीच खेप. जाणकारांचा अंदाज असा, की नव्याने आलेल्या दोन राज्यांपैकी अलास्का डेमोक्रॅटांचं आणि हवाई रिपब्लिकनांचं. उसाच्या मळ्यांचे मालक कित्येक दशकं रिपब्लिकन पक्षाच्या जोरावर या बेटांचा कारभार चालवत आले होते. पण 1954 मध्ये मळ्यांवर राबलेल्या मजुरांची मुलं उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात लढून आलेले जपानी वंशाचे तरुण त्यांत पुढे होते. त्यांनी विधिमंडळ डेमोक्रॅटांकडे खेचून आणलं. पाच वर्षांनी गव्हर्नर मात्र रिपब्लिकन निवडून आले, विल्यम क्विन. पारडं कुठे झुकेल ते सांगणं कठीण होतं.

8 नोव्हेंबरला मतदान झालं. अलास्का गेलं निक्सन यांच्याकडे. म्हणजे अर्धा अंदाज तिथेच कोसळला. हवाईची अधिकृत बेरीज निघाली ती अशी: निक्सन 92,505, केनेडी 92,364. फरक 141 मतांचा. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या वॉर्डात असतो, तेवढा. 28 नोव्हेंबरला क्विन यांच्या जागी काम पाहणारे हंगामी गव्हर्नर जेम्स केआलोहा यांनी निक्सन यांच्या इलेक्टरांच्या प्रमाणपत्रावर सही केली.

विषय इथे संपायला हरकत नव्हती. केनेडी देशभरात आधीच जिंकले होते. हवाईची तीन मतं इकडे गेली काय नि तिकडे गेली काय, त्यांचं काही अडत नव्हतं. पण बेरजेत चुका आहेत म्हणत डेमोक्रॅट कोर्टात गेले, आणि न्यायाधीश रोनाल्ड जेमिसन यांनी फेरमोजणीचा हुकूम दिला. आधी काही मतदान केंद्रांची. तिथे आकडे हलले, तेव्हा सगळ्या राज्याची. कागदी मतपत्रिका, हातानं, एकेक करून.

पंचाईत झाली ती तारखेची. देशभरातल्या इलेक्टरांनी एकाच दिवशी, म्हणजे 19 डिसेंबरला मतं द्यायची, असा कायदा. मोजणी तर अर्धीच झालेली. निकाल आपल्या बाजूनं लागला आणि आपण मतच दिलेलं नसेल, तर जिंकून काय उपयोग? म्हणून डेमोक्रॅटांचे तिघेही राजवाड्यात हजर झाले.

(दृश्य: जुनं छायाचित्र, हुला नर्तकी.)

त्या तिघांतल्या एका बाईंपाशी जरा थांबू. जेनी विल्सन, वय 88. होनोलुलूचे महापौर राहिलेल्या जॉन विल्सन यांच्या पत्नी, ही नंतरची ओळख. त्याआधी त्या राजा कालाकौआच्या दरबारात हुला नाचायच्या. हा राजवाडा त्याच राजानं बांधलेला. 1893 मध्ये जेनीबाई शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात हुला सादर करायला गेल्या. त्याच वर्षी इकडे अमेरिकी व्यापाऱ्यांच्या गटानं राणी लिलिउओकलानीला पदच्युत केलं. पुढे राणीला कैदेत ठेवलं तेही याच राजवाड्यातल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत. जिथे राजासमोर नाचल्या, तिथे या बाई आता अमेरिकेच्या अध्यक्षासाठी मत देत होत्या. त्यांच्या मनात काय होतं, देव जाणे.

मोजणी संपली. केनेडी 92,410, निक्सन 92,295. निकाल उलटला, 115 मतांनी. 30 डिसेंबरला न्यायाधीशांनी तो जाहीर केला. 4 जानेवारीला गव्हर्नर क्विन यांनी, स्वतः रिपब्लिकन असूनही, केनेडी यांच्या इलेक्टरांना प्रमाणपत्र दिलं. दोन दिवसांत ते वॉशिंग्टनला पोचायला हवं होतं. हवाईचा कागद हवाई टपालानं निघाला आणि वेळेत पोचला.

(दृश्य: 6 जानेवारी 1961, काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, संयुक्त बैठक.)

अध्यक्षस्थानी उपाध्यक्ष. उपाध्यक्ष कोण, तर खुद्द निक्सन. हवाईचा क्रम आला तेव्हा दोन्ही बाजूंचे कागद त्यांच्या हातात होते. यातून पायंडा पाडायचा हेतू नाही, असं आधी स्पष्ट करून त्यांनी सुचवलं की 4 जानेवारीचं प्रमाणपत्र ग्राह्य धरावं. कोणी हरकत घेतली नाही. केनेडी 303, निक्सन 219, आणि उमेदवारच नसलेले सेनेटर हॅरी बर्ड 15. स्वतःचा पराभव स्वतःच जाहीर करण्याची वेळ याआधी आली होती ती शंभर वर्षांपूर्वी, लिंकन जिंकले तेव्हा, जॉन ब्रेकिनरिज यांच्यावर.

पायंडा पाडायचा नव्हता, तरी साठ वर्षांनी कोणीतरी तो शोधलाच. 2020 मध्ये सात राज्यांत ट्रम्प यांच्या बाजूच्या लोकांनी आपले इलेक्टर जमवून कागद वॉशिंग्टनला पाठवले. त्यांच्या वकिलांनी दाखला दिला हवाईचा. दाखला अर्धाच होता. हवाईत कोर्टाच्या हुकमानं फेरमोजणी चालू होती, निकाल खरोखर फिरला, आणि गव्हर्नरनं नव्या प्रमाणपत्रावर सही केली. 2020 मध्ये त्या सातांपैकी एकाही राज्याचा निकाल फिरला नाही, की एकाही गव्हर्नरनं दुसरं प्रमाणपत्र दिलं नाही. 2022 मध्ये काँग्रेसनं कायदाच बदलला: मोजणीच्या वेळी उपाध्यक्षाचं काम निव्वळ औपचारिक.

(दृश्य: होनोलुलूचा किनारा, संध्याकाळ.)

निक्सन यांना हवाई मिळालं ते 1972 मध्ये, साठ टक्क्यांहून जास्त मतांनी. त्या वर्षी त्यांनी पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यं जिंकली होती.