मासे निघाले धुळ्याला

(दृश्य : पहाटेचा अंधार, टाकीवरचा एकच दिवा)

पहाटेचे साडेचार. जळगावातल्या या घरात काल सकाळपासून टाकीत एक दाणा पडलेला नाही. तिन्ही गोल्डफिश काचेला तोंड लावून मागतायत. आजी म्हणते, "उपाशी कशाला धाडता रे लेकरांना?" तिचा जीव तुटतो. पण भरल्या पोटी निघालेला मासा पिशवीतलं पाणी स्वतःच घाण करतो आणि त्याच घाणीत श्वास घेतो. एका दिवसाचा उपास धडधाकट माशाला सहज सोसतो.

ताई धुळ्याला राहायला गेली, मासे इथेच राहिले होते. आज ते तिच्याकडे निघालेत. पोचवायचं काम माझ्याकडे.

एकदा भर मे महिन्यात, दुपारी, मी भुसावळला चार मॉली नेल्या होत्या. रस्ता तासाभराचाही नाही. निघण्याआधी पोटभर खाऊ घातलं, पिशवी काठोकाठ भरली. पाणी जास्त म्हणजे मासे खुशाल, असं वाटलं होतं. दोनच पोचल्या. तेव्हापासून मी पिशवी भरताना घाई करत नाही.

(दृश्य : हात, पिशवी, रबर)

नीट बघा. पाणी टाकीतलंच, पिशवीच्या एक तृतीयांश. वरची सगळी जागा हवेची. माशांच्या दुकानात सिलिंडरमधून ऑक्सिजन भरून मिळतो, लांबच्या प्रवासाला तो घ्यावाच. फायटर आणि गुरामी मात्र पाण्यावर येऊन हवा घेतात, त्यांना साधी हवाच ठेवायची. एका पिशवीत एकच गोल्डफिश. त्यावर दुसरी पिशवी उलटी चढवायची. गप्पीसारखे बारके मासे असले, तर खालचे कोपरे चिकटपट्टीने दुमडायचे, नाहीतर तिथे अडकून ते चिरडतात. तोंडाला पीळ देऊन, दुमडून, रबराचे चार वेढे.

पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात, मध्ये वर्तमानपत्राचे बोळे. झाकण बंद. अंधारात मासा शांत राहतो.

आणि हा टाकीच्या फिल्टरमधला काळपट स्पंज. नळाखाली धुऊ नका! माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू यातच वाढलेले असतात. तो टाकीच्याच पाण्यात भिजवून सोबत न्यायचा.

(दृश्य : गिरणेचा पूल, उजाडतंय)

बांभोरीचा पूल, पाळधी, एरंडोल. पारोळ्याला चहा. टपरीवाले काका विचारतात, "भाऊ, डब्बामा काय शे?" मासे म्हटल्यावर त्यांना बघायचे असतात. झाकण उघडत नाही, काकाही समजून घेतात. ऊन चढायच्या आत पोचायचंय. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि माशाला नेमका तेव्हाच जास्त लागतो.

(दृश्य : धुळ्यातलं घर, भरलेली टाकी)

आपल्याकडे वाघूर धरणाचं पाणी, इथे तापीचं आणि नकाणे तलावाचं. ताईने टाकी दोन दिवस आधी भरून क्लोरीन घालवणारं औषध टाकलंय. स्पंज जागेवर बसला, पंप सुरू झाला. बंद पिशव्या पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवल्या, म्हणजे दोन्हीकडचं तापमान सारखं होतं.

आता जपायचं. बंद पिशवीत माशाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो, पाणी किंचित आंबट होतं, आणि त्या पाण्यात अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की तो वायू निघून जातो, आंबटपणा उतरतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून लांबच्या प्रवासानंतर उघडी पिशवी तासन् तास ठेवायची नाही. टाकीतलं थोडं पाणी पिशवीत घालायचं, आणि ओल्या हाताने मासा अलगद टाकीत सोडायचा. पिशवीतलं पाणी मोरीत.

दिवा लावलेला नाही. खाणं उद्याच. ताई जमिनीवर मांडी घालून टाकीसमोर बसलीय. दोन गोल्डफिश स्पंजामागे दडलेत. तिसरा हळूच काचेपाशी येतो, तोंड उघडतो, मिटतो.

"ओळखलं गं यानं," ताई पुटपुटते.