खोदायच्या आधीचं खोदकाम

(दृश्य: रात्रीचा रस्ता, बॅरिकेडच्या आत ड्रिल रिग)

मुंबई मेट्रो ३ म्हटलं की टीबीएम, म्हणजे बोगदा खोदणारं मशीन आठवतं, भिंत फोडून बाहेर येणारं ते अवाढव्य मशीन सगळ्यांनी बघितलंय. पण साडेतेहतीस किलोमीटरची लाइन, २६ भुयारी स्टेशनं, हे सगळं कसं खोदायचं त्याची सुरुवात होते ती जमिनीखाली काय आहे ते बघणाऱ्या अशा छोट्या रिगपासून. तिपाई, इंजिन, पाण्याची टाकी आणि चार माणसं, बस.

हा हॅमर बघा. ६३.५ किलोचा, पाऊण मीटरवरून सोडायचा, उचलायचा, परत सोडायचा. खालची नळी पहिले १५ सेंटीमीटर जाते ते धरत नाहीत, पुढचे ३० जायला किती ठोके लागले ते मोजतात. कफ परेडच्या भरावात किंवा माहीमच्या खाडीकडच्या चिखलात नळी भसकन जाते, आणि जरा पुढं सरकलं की खडक, जागची हलत नाही. सात बेटं जोडून केलेलं शहर आहे हे, इथं तपासणीच्या दोन बोअरमधलं, म्हणजे भोकांमधलं अंतर जितकं कमी तितकं बरं.

(दृश्य: कोअर बॉक्स, जवळून)

खडक लागला की हिऱ्याचं बिट लावतात आणि अशी कोअर, म्हणजे खडकाची गोल कांडी, वर येते. या काळ्या लांब कांड्या म्हणजे बेसॉल्ट. हा हिरवट, लवकर फुटणारा, तो टफ, ज्वालामुखीच्या राखेचा खडक. दीड मीटर ड्रिल केलं तर त्यात १० सेंटीमीटरच्या वरचे तुकडे जोडून किती टक्के भरतात तो आरक्यूडी, खडक किती अखंड आहे त्याचं माप. पण बॉक्समधे न दिसणारं ड्रिलरला कळतं, वर येणारं पाणी अचानक थांबलं म्हणजे खाली भेग, पाण्याचा रंग बदलला म्हणजे थर बदलला, आणि त्यानं सांगितलेली ती ओळ लॉगमधे, म्हणजे बोअरच्या नोंदीत, आलीच पाहिजे कारण स्टेशनच्या खड्ड्याची भिंत किती खोल न्यायची, पाणी कुठं अडवायचं ते त्यावरून ठरतं.

सिंगापूरला २० एप्रिल २००४ ला निकोल हायवेजवळ मेट्रोचा खड्डा कोसळला, चार जण गेले. मऊ चिखलाची ताकद डिझाइनमधे जास्त धरली होती, आधारांचे जोडही कमी पडले.

(दृश्य: रचून ठेवलेले बॉक्स)

ब्रिटनमधे दहा लाखांहून जास्त बोअरचे लॉग तिथल्या जिऑलॉजिकल सर्व्हेकडं आहेत, त्यातले बहुतेक कुणीही ऑनलाइन बघू शकतं. मुंबईत मेट्रोचे, पुलांचे, टॉवरचे किती बोअर झाले असतील! तेही एका ठिकाणी आणा, सगळ्यांना खुले करा.