सहजीवनात भांडी कोण घासतं?

मंडळी, सहकार बडोद्याच्या माणसाला नव्यानं समजावून सांगायला नको. १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांनी याच शहरात अन्योन्य सहकारी मंडळी काढली. सहकारी पतसंस्थांचा कायदा देशात आला तो १९०४ साली. त्याच्या पंधरा वर्षं आधी इथल्या लोकांनी एकमेकांच्या भरवशावर पैसे एकत्र ठेवले होते. आज मला बोलायचंय ते त्याच्या पुढचं. चूल, मुलंबाळं, म्हातारपण, झाडलोट हेही एकत्र ठेवता येईल का?

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात ट्विन ओक्स नावाची वसाहत आहे. १९६७ साली सुरू झाली, अजून चालू आहे. शंभराच्या आसपास माणसं. अनेक वर्षं दोरीचे झोपाळे विणले, टोफू म्हणजे सोयाबीनचं पनीर बनवतात, मिळकत सगळ्यांची एक. राहणं, जेवण, औषधपाणी वसाहतीकडे, हातखर्चाला थोडे पैसे. मला तिथलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते कामाचं टिपण. प्रत्येकानं आठवड्याला साधारण चाळीसेक तास द्यायचे. त्यात टोफूच्या कारखान्यातला तास, स्वयंपाकघरातला तास, मूल सांभाळण्याचा तास आणि हिशेब लिहिण्याचा तास, सगळे सारखे. आजारपणाचे तासही धरतात. सुरुवातीला नकोशा कामाला जास्त मोल देऊन पाहिलं, पुढे ते सोडून दिलं.

हे वाचल्यापासून आपली एकत्र कुटुंबं मला वेगळी दिसायला लागली. त्या वाड्यांत माया कमी नव्हती. पंगतीवर पंगत उठायची, आला-गेला उपाशी जात नसे. दुकानाचा हिशेब पै-पैचा लिहिलेला असे. पोळ्या लाटणाऱ्या काकूंचे तास मात्र कुठल्याच वहीत नव्हते. घरं फुटली ती जमिनीच्या वाटणीवरून, असं आपण सांगत आलो. माझं स्पष्ट मत आहे की त्याच्या कितीतरी आधी ती माजघरातल्या थकव्यानं आतून फुटलेली असत.

इस्रायलमधल्या किबुत्सांनी, म्हणजे सामायिक मालकीच्या शेतकरी वसाहतींनी, हा प्रश्न फार लवकर हातात घेतला. पहिलं किबुत्स देगानिया, १९१० सालचं. पुढे गावोगाव सामायिक भोजनघर आणि धुलाईघर आलं, बऱ्याच ठिकाणी मुलं रात्री झोपायचीही बालघरात. बाईची चुलीपासून सुटका व्हावी हा हेतू. पण त्या सामायिक स्वयंपाकघरात, धुलाईघरात आणि बालघरात पुन्हा बहुतेक बायकाच उभ्या राहिल्या. चूल मोठी झाली, तिच्यापुढचं माणूस तेच राहिलं! बालघरात निजवणं १९९० च्या दशकापर्यंत बंद झालं. १९८० च्या दशकातल्या कर्जानं अनेक किबुत्सांची घडी विस्कटली आणि २००७ साली देगानियानंही कामाप्रमाणे वेगवेगळा पगार स्वीकारला. लोक याला पराभव म्हणतात. मी म्हणत नाही, कारण हा बदलही त्यांनी सभेत मत घेऊनच केला.

आपल्याकडे गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात तर मतमोजणीही नाही. सगळ्यांची सहमती होईपर्यंत बोलत राहायचं. विषय आधी अभ्यासगटात घासूनपुसून घ्यायचा. अशा रीतीनं त्या गावानं २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०१३ साली आपली शेतजमीन ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचा निर्णय घेतला. अशा बैठकांना वेळ लागतो, आणि तो वेळ द्यायची तयारी नसेल तर या वाटेला जाऊ नये.

आता आपल्या सोसायट्या. सभासदाला एक मत आपल्यालाही आहे, पण वार्षिक सभा पार्किंग आणि पाण्याच्या टाकीतच संपते. त्याच जिन्यात वरखाली चार घरांत मुलं परदेशी गेलेले आजी-आजोबा एकेकटे डबा उघडून जेवतात. माझी सूचना आहे, संध्याकाळचं जेवण एका स्वयंपाकघरात करून पाहा. वही ठेवा. भाजी कुणी आणली, भात कुणी टाकला, भांडी कुणी घासली, सगळं टिपा. कोथिंबीर निवडणाऱ्या आजींचा अर्धा तासही धरा. पुरुषांनी वही लिहिण्याचं काम तेवढं उचलून मोकळं व्हायचं नाही.

आणि भांड्याला बाई लावणार असाल, तर तिच्या तासाचं मोल काय धरायचं आणि बैठकीत तिला बोलता येणार की नाही, याचा निर्णय पहिल्या जेवणाआधी घ्या. तो घेताना ती समोर बसलेली असू द्या.