उंबऱ्यावरचा राखणदार

(लातूर येथे विद्यार्थी व पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, येताना मी घरून एक बरणी आणली आहे. पुढं बसलेल्या पोरांनी ती एकेक करून हातात घ्या, पण हलवू नका. आत ओला फडका आहे, त्याखाली बघा. आज सकाळी अंगणातला रांजण सरकवला, तेव्हा बुडाखालच्या ओल्या मातीत हे पाच-सहा जीव सापडले. राखाडी रंग, पाठीवर आडव्या पट्ट्यांचं चिलखत. कुंडी हलवली, वीट उलटली की अंधाराकडे पळतात ते हेच. इंग्रजीत त्यांना वुडलाउस म्हणतात. आपण नुसतं 'किडा' म्हणून मोकळे होतो.

पण तो कीटक नाही. पाय मोजा. कीटकाला सहा, याला सात जोड्या, म्हणजे चौदा. हा खेकड्याचा आणि झिंग्याचा भाऊबंद आहे. याचे पूर्वज समुद्रातले. ही शाखा जमिनीवर आली खरी, पण पाण्यावाचून तिचं अजून भागत नाही. पोटाच्या मागच्या बाजूला चपटे अवयव असतात, त्यांनी हा श्वास घेतो, आणि ते ओले राहावे लागतात. मादी अंडी जमिनीवर टाकत नाही. तिच्या छातीखाली पातळ पापुद्र्यांची पिशवी असते, त्या पिशवीत ओलावा असतो आणि त्यातच पिल्लं वाढतात. समुद्राची एक ओंजळ पोटाशी बांधून ती हिंडते. इतकी वर्षं शिकवतोय, पण या ठिकाणी आलो की अजून मला थांबावं लागतं.

तर असा प्राणी, ज्याच्या अंगावर कीटकासारखा मेणाचा पक्का थर नाही, जो कोरड्या उन्हात ठेवला की वाळून मरतो, त्याचाच एक भाऊ वाळवंटात संसार करतो. हेमिलेपिस्टस रेओमुरी त्याचं नाव. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेसोबत गेलेल्या फ्रेंच अभ्यासकांनी तो पाहिला, आणि १८४० साली रेओमूर या निसर्गअभ्यासकाच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं गेलं. उत्तर आफ्रिका, इजिप्तमधलं सिनाई, इस्रायलमधलं नेगेव्हचं वाळवंट ही त्याची भूमी. लांबी दोन सेंटिमीटरच्या आसपास, आणि पाय उंच, म्हणजे पोट तापलेल्या भुईपासून जरा वर राहतं. नेगेव्हमध्ये त्याचा खूप अभ्यास झाला. तिथल्या त्या भागात वर्षाला साधारण १०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपली सरासरी ७००-८०० ची, आणि तरी २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी आपण प्यालो. त्या दिवसांत घागरींच्या रांगेत उभं राहिलेल्यांना हा जीव लवकर कळेल.

तिथं पाऊस हिवाळ्यात पडतो. तो सरला, माती अजून मऊ आहे, की हा बीळ खणायला लागतो. जागा निवडणं हीच खरी कसोटी. आज ओल सगळीकडेच असते, पण उन्हाळाभर ती कुठं टिकेल? आपल्याकडे पानाड्या नारळ घेऊन रानभर हिंडतो, हा आपल्या मिशांनी आणि पायांनी माती चाचपत हिंडतो. जागा चुकली तर दुसरी संधी नाही. उन्हाळ्यात ती माती अशी आवळते की नवं बीळ खणताच येत नाही. वैशाखात आपली कुदळ ढेकळावर कशी टणकन वाजते, ते आठवा.

म्हणून बीळ राखायचं. नर आणि मादी जोडीनं राहतात, आणि एक जण चरायला गेला की दुसरा दारात बसतो. बसतो म्हणजे अंगानं तोंडच बुजवतो, पाठीचं चिलखत बाहेरच्या बाजूला. आलेला आपला की परका, हे तो मिशांनी स्पर्श करून ओळखतो. जर्मनीतल्या वुर्ट्सबर्गचे प्राणिशास्त्रज्ञ लिन्सेनमायर यांनी या ओळखीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. प्रत्येकाच्या अंगावर काही रासायनिक द्रव्यं असतात, एकत्र राहून ती सगळ्यांची मिसळतात, आणि त्या घराचा एकच वास तयार होतो. परक्याचं द्रव्य लागलेलं स्वतःचं पोरसुद्धा घरचे परकं समजतात. पिल्लं पन्नास-शंभर असतात, ती जन्मल्यावर आई-बाप बाहेरून पाला आणून त्यांना भरवतात.

उन्हाळा चढतो तशी ओल खाली जाते, आणि कुटुंब तिच्या मागं बीळ खोल करत जातं. या खणण्यात खालची माती वर येते. ते मातीही खातात, आणि लेंड्या बिळाच्या तोंडाशी आणून टाकतात. चौकोनी, नीट कापल्यासारख्या लेंड्या. नेगेव्हमध्ये मोशे शखाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही उलटलेली माती मोजायचं काम केलं. शेतकरी मंडळींना मी एवढंच सांगेन की आपल्या बांधावरच्या पाल्याखाली हेच काम आपला रांजणाखालचा भाऊ गुपचूप करतो. वाळलेली पानं खातो, बारीक करून मातीत मिसळतो. पाला पेटवताना एकदा खाली हात घालून बघा.

बरणी परत आली का? खिडकीजवळ नको, इकडं सावलीत ठेवा. त्यातल्या एकीच्या छातीखाली फिकट पिवळा फुगवटा आहे, कोणाला दिसला? ती पिशवी. घरी गेलो की आधी तिला रांजणाखाली सोडायचं आहे, आणि त्या जागी आज तांब्याभर पाणी जास्त ओतायचं आहे.