एका सामन्याचा हंगाम

(दृश्य: भुसावळ. सकाळचं मैदान. गवत जवळजवळ नाहीच. गोलपोस्टच्या जागी दोन बांबू, वरचा दांडा नाही.)

भुसावळ म्हटलं की लोकांना जंक्शन आठवतं, उन्हाळा आठवतो, फार तर भरीत-पुरी आठवते. फुटबॉल कोणाला आठवत नाही. आठवावा असं इथे फारसं घडलेलंही नाही. पण रेल्वे आली, आयुध निर्माणी आली, दीपनगरचं वीजकेंद्र आलं आणि त्यांच्यासोबत केरळचे, बंगालचे, गोव्याचे लोक नोकरीला आले. त्यांची पोरं आमच्याबरोबर वाढली. कॉलनीत मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या कोलकात्याच्या दोन क्लबांवरून भांडणारे काका होते. आम्हाला त्यातलं अर्धंच कळायचं, पण भांडण ऐकायला मजा यायची.

मी ज्या संघाचा चाहता आहे, तो संघ मात्र या दोघांतला नाही. इंग्लंडचा किंवा स्पेनचा तर नाहीच. मी भारताच्या फुटबॉल संघाचा चाहता आहे. हे सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग विचारतो, "आपला संघ आहे का फुटबॉलचा?"

आहे भो. आणि सध्या त्याचे दिवस वाईट आहेत.

(दृश्य: चहाची टपरी. फोनच्या पडद्यावर सामना. तीन-चार डोकी वाकलेली.)

जुन्या वैभवाचं थोडक्यात उरकतो, कारण त्यावर पोट भरत नाही. १९५१ आणि १९६२, दोन आशियाई सुवर्णपदकं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा क्रमांक. तिथे ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं, त्यातले तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसूझाचे. भारतीय फुटबॉलच्या प्रत्येक भाषणात ही तीन वर्षं येतात. ऐकणाऱ्याला वाटतं, आपण मध्ये कुठेतरी झोपलो होतो.

मला जवळचं वर्ष आठवतं ते २०२३. त्या वर्षी भारताने मायदेशात तीन स्पर्धा जिंकल्या. इम्फाळला तिरंगी, भुवनेश्वरला इंटरकॉन्टिनेंटल चषक, बंगळूरला सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई देशांची स्पर्धा. सॅफच्या अंतिम सामन्यात कुवेतला पेनल्टी शूटआउटवर हरवलं, तेव्हा आमच्या टपरीवर चक्क फुटबॉलवर बोलणं चाललं होतं. क्रमवारीत भारत पहिल्या शंभरात आला. नोव्हेंबरमध्ये कुवेतला त्यांच्याच घरात १-० हरवलं.

आणि मग २०२४. आख्ख्या वर्षात एकही विजय नाही.

आशिया चषकात तीन सामने, तीन पराभव, भारताचा एकही गोल नाही. गुवाहाटीत अफगाणिस्तानने हरवलं. जूनमध्ये कोलकात्यात आपला कर्णधार सुनील छेत्री याचा निरोपाचा सामना होता, कुवेतविरुद्ध, तो ०-० सुटला. स्टेडियम भरलेलं, माणूस रडतोय, आणि गोल काही होत नाही. पाच दिवसांनी कतारशी हरून विश्वचषक पात्रतेचा रस्ता बंद झाला. त्या सामन्यात कतारचा पहिला गोल झाला, तेव्हा चेंडू आधीच रेषेबाहेर गेला होता. टीव्हीवर सगळ्यांना दिसलं. रेफरीला नाही दिसलं. पण त्या एका गोलाआड वर्षभराचं खेळणं लपवता येत नाही. प्रशिक्षक गेले. नवे आले, मानोलो मार्केझ. त्यांच्याही हाताला २०२४ मध्ये जय लागला नाही.

इथून टपरीवर एकच सूर सुरू झाला. "म्हाताऱ्यांना काढा, पोरं घ्या."

मीही तेच म्हणायचो. कोणाही चाहत्याला हेच सुचतं. संघ हरला की वय मोजायचं.

आणि झालं काय? मार्च २०२५ मध्ये शिलाँगला मालदीवला ३-० हरवून भारताने विजयाचा दुष्काळ संपवला, आणि त्यातला एक गोल होता सुनील छेत्रीचा. वय वर्षं चाळीस. निवृत्तीतून परत बोलावलेला. ९५वा आंतरराष्ट्रीय गोल. टपरीवरचा एक रेल्वेतला तरुण वैतागून म्हणाला, "अरे, दीडशे कोटीच्या देशात दुसरा गोल मारणारा मिळत नाही का? काय करू राहिले हे लोक?"

प्रश्न बरोबर आहे. उत्तर मात्र छेत्रीच्या वयात सापडत नाही.

(दृश्य: मैदान. चौदा-पंधरा वर्षांची पोरं गोलवर फटके मारताहेत. एक चेंडू थेट रस्त्यावर जातो.)

इंडियन सुपर लीग (आयएसएल), म्हणजे देशातल्या क्लबांची मोठी लीग, २०१४ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून २०२५ पर्यंत प्रत्येक मोसमात सर्वाधिक गोल करणाऱ्याला गोल्डन बूट मिळाला. या अकरा मोसमांत तो एकदाही भारतीयाला मिळाला नाही. एकदाही नाही. याचं कारण साधं आहे. क्लबला सामना जिंकायचा असतो. मैदानावर चार परदेशी खेळवता येतात. त्यातला एक बहुधा मधोमध, गोलच्या समोर उभा राहतो, कारण तिथला माणूस सगळ्यात महाग आणि सगळ्यात गरजेचा. भारतीय पोरगा मग विंगवर सरकतो, नाहीतर बाकावर बसतो. आणि देशाकडून खेळताना त्यालाच सांगायचं, जा, मधोमध उभा राहा, गोल मार.

दहावीच्या पोराला एकही सराव परीक्षा न देता थेट बोर्डाच्या पेपरला बसवावं, तशी गत. २०२४-२५ च्या मोसमात आयएसएलमध्ये सगळ्यात जास्त गोल करणारा भारतीय कोण होता? तोच. चाळीस वर्षांचा छेत्री, चौदा गोल. प्रशिक्षकाने त्याला नाही बोलवायचं तर कोणाला?

पोरं घेऊन बघितलीच नाहीत असंही नाही. बघितली होती, आणि त्या पोरांची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते.

(दृश्य: शाळेच्या कपाटातला हवा गेलेला जुना फुटबॉल.)

२०१७. सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला. त्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारने एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचं ठरवलं. शाळाशाळांत चेंडू पोहोचले, खान्देशातही. मास्तर लोकांनी फोटो काढले, पोरांनी लाथा मारल्या. एक दिवस का होईना, जळगाव-धुळे-नंदुरबारच्या शाळांतून क्रिकेटची बॅट कोपऱ्यात राहिली. दुसऱ्या दिवशी काय करायचं, हे मात्र कुठल्या परिपत्रकात आलं नाही.

विश्वचषकात भारत तिन्ही सामने हरला. पण कोलंबियाविरुद्ध ८२व्या मिनिटाला मणिपूरच्या जॅक्सन सिंगने कॉर्नरवर डोकं लावलं आणि भारताचा विश्वचषकातला पहिला गोल झाला. पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने दुसरा गोल केला. आनंदाला पुरतं मिनिटसुद्धा मिळालं नाही. त्या संघात आपला एक होता, कोल्हापूरचा अनिकेत जाधव. कोल्हापूरला फुटबॉलचं वेड आहे, तिथून पोरगा निघणं नवल नाही. तरी 'महाराष्ट्र' म्हटल्यावर आम्हा खान्देशवाल्यांचीही कॉलर ताठ झाली, हे कबूल.

महत्त्वाचं घडलं ते विश्वचषकानंतर. भारतीय फुटबॉल महासंघाने त्याच पोरांचा संघ, थोडे आणखी घालून, इंडियन ॲरोज या नावाने आय-लीगमध्ये, म्हणजे देशातल्या दुसऱ्या क्लब लीगमध्ये, उतरवला. समोर दाढीमिशांचे, लग्न झालेले, धक्के मारून मोठे झालेले खेळाडू. या बाजूला सतरा-अठरा वर्षांची पोरं, एकही परदेशी नाही. पहिला सामना त्यांनी चेन्नई सिटीविरुद्ध ३-० जिंकला, त्यात दोन गोल अनिकेतचे. मोसमाच्या शेवटी मात्र संघ तळाला होता. सगळ्यात शेवटचा.

पण त्यांना खालच्या गटात ढकलायचं नाही, असा नियम होता. हरा, पण खेळत राहा. आठवड्यामागून आठवडा, मोठ्यांबरोबर, पूर्ण नव्वद मिनिटं. लोक नावं ठेवायचे. "हरण्यासाठीच काढलेला संघ." मला तो आपल्या फुटबॉलमधला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो. त्या पोरांतून जॅक्सन सिंग, अन्वर अली, सुरेश वांगजाम, रहीम अली वरिष्ठ संघात गेले. तळाला राहिलेल्या संघाकडून इतकं मिळालं तर अजून काय पाहिजे?

२०२२ मध्ये ॲरोज बंद केला.

(दृश्य: टपरी. रात्र. फोनचा पडदा.)

मग ऑक्टोबर २०२५. मार्केझ गेलेले. ऑगस्टपासून संघ खालिद जमीलकडे. तेरा वर्षांनी भारतीय प्रशिक्षक, आणि खेळाडू म्हणून मुंबईच्या मैदानांवर घडलेला. आयझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून देणारा माणूस. आल्याआल्या त्याने मध्य आशियातल्या स्पर्धेत ताजिकिस्तानला त्यांच्या घरात हरवलं, ओमानला शूटआउटवर हरवून तिसरा क्रमांक आणला. आम्ही पुन्हा फोनभोवती जमलो.

सिंगापूरमध्ये आशिया चषक पात्रतेचा सामना. भारत एका गोलने मागे. आपला बचावपटू झिंगन लाल कार्ड खाऊन बाहेर, म्हणजे दहाच जण मैदानात. नव्वदावं मिनिट आलं. त्यांच्या बचावात चूक झाली, आणि चेंडूवर झडप घालून बरोबरी केली कोणी? रहीम अलीने. २०१७ च्या पोरांमधला रहीम. सतराव्या वर्षी हरायला सोडलेला पोरगा पंचविशीत अशा वेळी गडबडला नाही. योगायोग म्हणणाऱ्यांनी म्हणावं. मी नाही म्हणणार.

पाच दिवसांनी गोव्यात फातोर्डाला परतीचा सामना. आपल्या छांगटेने सुरेख गोल केला, आणि मग मध्यंतराच्या तोंडावर एक, नंतर एक, असे दोन गोल खाऊन आपण १-२ हरलो. आशिया चषक गेला. चोवीस संघांची स्पर्धा, त्यात आपण नाही. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशनेही हरवलं, बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्या रात्री टपरीवर कोणी काही बोललं नाही. चहावाल्याने पैसे मात्र बरोबर मोजून घेतले.

आणि पोरांना घेऊन नवा संघ बांधायची हीच वेळ असताना देशात लीगच चालू नव्हती. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांचा करार संपत आला, नवा होईना, मोसम लटकला. अखेर आयएसएल सुरू झाली ती १४ फेब्रुवारी २०२६ ला. चौदा क्लब, प्रत्येकाशी एकदाच सामना. आधीच्या मोसमात प्रत्येक क्लबला साखळीत चोवीस सामने होते, या वेळी तेरा. बाकावरच्या वीस वर्षांच्या पोराच्या वाट्याला त्यातले किती येणार, हिशेब तुम्हीच करा.

(दृश्य: मैदान. शालेय स्पर्धा. हरलेला संघ पिशव्या उचलतो. सकाळचे अकराही वाजलेले नाहीत.)

हा हिशेब आम्हाला नवा नाही. आमच्याकडे शालेय स्पर्धा होतात. तालुका नाहीतर जिल्हा, तिथून नाशिक विभाग, मग राज्य. सगळी बाद फेरी. सोळा शाळा आल्या तर पहिल्याच फेरीत आठ घरी. म्हणजे निम्म्या पोरांचा वर्षाचा हंगाम एका सामन्याचा. बरोबरी झाली तर पाच पेनल्टी, आणि कोणा एकाचा फटका बाहेर गेला की वर्ष संपलं. पुढच्या वर्षी तो वयोगटातून बाहेर. धडगाव-अक्कलकुव्याकडची पोरं डोंगर चढून-उतरून वाढलेली. त्यांचा दम बघितला तर शहरातले मास्तर गप्प होतात. पण दमाला चेंडूवरचं डोकं जोडायला सामने लागतात, आणि सामना एकच.

वरती तेरा, खाली एक. आजार तोच आहे. पोरं निवडून काम होत नाही. त्यांना खेळवावं लागतं, आणि खेळवताना त्यांचं हरणं बघत बसावं लागतं. यात चाहत्याचंच जास्त दुखतं. आम्हाला पोरंही हवीत आणि रविवारी विजयही हवा.

आशा नाही का? आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये दोह्याला प्रशिक्षक नौशाद मूसांच्या तेवीस वर्षांखालच्या भारतीय संघाने बहारीनला २-० हरवलं, ब्रुनेईला ६-०. कतारकडून १-२ हरले आणि आशियाई स्पर्धेची पात्रता हुकली. नोव्हेंबरअखेर अहमदाबादला सतरा वर्षांखालच्या पोरांनी तर इराणला २-१ हरवून आशियाई स्पर्धेत जागा मिळवली. इराण म्हणजे इराण! वरिष्ठ संघ त्यांच्यासमोर उभा राहायला घाबरतो. आता यातलं कोण उद्याचा छेत्री, असं मला विचारू नका. त्यांना पुढची तीन वर्षं कोण खेळवणार, कोणाविरुद्ध आणि किती सामने, एवढं मला सांगा.

(दृश्य: मैदान. कागदावर हाताने आखलेला गुणतक्ता, गेटजवळच्या भिंतीला चिकटवलेला.)

आमच्यापुरतं आम्ही एक केलं. कॉलनीतल्या मोठ्या पोरांनी रविवारची साखळी सुरू केली. सहा संघ, प्रत्येकाशी दोनदा. म्हणजे प्रत्येकाला दहा सामने. चषक नाही, प्रमुख पाहुणे नाहीत, नारळ नाही. रेफरी म्हणून रेल्वेतले एक निवृत्त काका, ज्यांना पळणं जमत नाही म्हणून ते मधल्या वर्तुळातून ओरडतात. ऑफसाइडवर रोज भांडण होतं. चालायचंच.

तक्त्यात सगळ्यात खाली आहे तो सर्वांत लहान पोरांचा संघ. एकही जिंकलेले नाहीत. परवा त्यांचा कर्णधार सांगायला आला, "दादा, आम्ही राहू देतो. सगळे हसतात."

काकांनी त्याला विचारलं, मागच्या वेळी किती गोल खाल्ले? सात. या वेळी? चार. "मग कुठे चालला रे भो? सामने अजून बाकी आहेत. मध्ये सोडायचं नाही, हा एकच नियम आहे आपल्याकडे."

पोरगा थोडा वेळ बांबूला टेकून उभा राहिला. मग विचारून गेला, पुढच्या रविवारी किती वाजता.

सात. नऊनंतर ऊन लागतं.