कार्यालय बघायचं ते दुपारी दोन वाजता

नमस्कार, श्रोतेहो.

तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नांचा हंगाम सुरू होतो. कार्यालयांच्या तारखा मात्र त्याच्या कितीतरी आधी गेलेल्या असतात. सुपारी फुटली, मुहूर्त निघाला, की मुलीचे वडील हातातला पेढा संपायच्या आत फोन लावतात, 'ती तारीख मोकळी आहे का हो?' पलीकडचं उत्तर ठरलेलं, 'आहे साहेब, पण आत्ताच एक पार्टी बघून गेलीय. आज टोकन दिलंत तर धरून ठेवतो.' ती पार्टी खरंच येऊन गेलेली असते की नाही, देव जाणे. पण घाईघाईत पैसे भरले जातात आणि जागा नीट बघायची राहूनच जाते.

मी पंचवटीत राहते आणि केटरिंगचा धंदा करते. त्यामुळे नाशिकमधली बरीचशी मंगल कार्यालयं आणि लॉन्स मला मागच्या बाजूनं माहीत आहेत, जिथून भाजीची पोती आणि गॅसच्या टाक्या आत जातात. आज त्याच बाजूनं बोलते.

आपली मंडळी कार्यालय बघायला जातात ती रविवारी संध्याकाळी, चहा घेऊन, सवडीनं. त्या वेळी तिथं कार्य नसतं. फरशी धुतलेली, झुंबरं लावलेली, मॅनेजरच्या हातात अल्बम. अशा वेळी कुठलंही कार्यालय चांगलंच दिसतं. माझं ऐकाल तर दुसऱ्या कुणाचं तरी लग्न चालू असेल त्या दिवशी जा, मॅनेजरला सांगून, आणि दुपारी दोनच्या सुमाराला. म्हणजे साडेबाराचा मुहूर्त लागून दुसरी पंगत बसलेली असते. कुणाच्या मध्ये न येता कडेला उभं राहायचं आणि बघायचं. हात धुवायच्या बेसिनपाशी किती गर्दी आहे, खाली पाणी साचलंय का, नऊवारी सावरत चाललेल्या आजीबाई तिथून कशा जातात. बायकांच्या स्वच्छतागृहात नळाला पाणी येतंय का. हे बघायला घरातली बाईच आत पाठवा, पुरुषांना हा प्रश्न सुचतच नाही.

मग मागे या, भटारखान्याकडे. एका कार्यालयात भटारखाना मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणि जेवणघर वरच्या मजल्यावर होतं. मध्ये उघडं अंगण, नंतर अरुंद जिना. वाढपी मुलं पुऱ्यांच्या टोपल्या घेऊन वर चढत होती आणि रिकाम्या बादल्या घेऊन खाली येणारी मुलं त्यांना वळणावर आडवी येत होती. कढईतून टम्म फुगून निघालेली पुरी पानात पडेपर्यंत चामट व्हायची. पाहुणे म्हणणार, आचारी बरा नव्हता. त्या बिचाऱ्याचा काय दोष? भटारखाना आणि पंगत एकाच मजल्यावर असली, की निम्मं जेवण तिथंच चांगलं होतं.

'हजार माणूस बसतं आमच्याकडे,' असं मॅनेजर सांगतो. कुठं बसतं, ते विचारा. हॉलमधल्या खुर्च्यांवर की जेवायला? हिशेब सोपा आहे. जेवणघरात एका वेळी २०० पानं बसत असतील आणि तुमची माणसं ८०० असतील, तर चार पंगती झाल्या. वाढणं, आग्रह, उठणं, टेबलं पुसणं धरून एका पंगतीला पाऊण तास लागतोच. म्हणजे तीन तास. मुहूर्त साडेबाराचा आणि तो वेळेवर लागला, तरी पहिली पंगत बसेपर्यंत एक वाजतो आणि शेवटच्या पंगतीतला माणूस चार वाजता हात धुणार. आणि आपल्याकडे मुहूर्त वेळेवर लागतो का? अंतरपाट धरायच्या आधी माइकवर सत्कार सुरू होतात. आजी-माजी पदाधिकारी, सोसायटीचे चेअरमन, मामांचे मित्र, प्रत्येकाला शाल आणि नारळ. गुरुजी घड्याळाकडे बघतात, नवरी मामाचा हात धरून ताटकळते, आणि मागे माझी आमटी तिसऱ्यांदा गरम होते. सत्कारांची यादी लांब असेल तर जेवणघर मोठं असलेलीच जागा घ्या, म्हणजे निदान पुढं भराभर पंगती तरी उठतील. बुफे ठेवणार असाल तर काउंटर किती लागतात आणि हातात ताट घेऊन माणसं उभी कुठं राहतात, एवढं बघितलं की झालं.

आता रस्त्याचं. नाशिकमध्ये लॉन्स बहुतेक शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यांवर आहेत. छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा रस्ता, ज्याला आपण अजूनही औरंगाबाद रोड म्हणतो, तिथं तर लॉन्सच्या शेजारी लॉन्स. गंगापूर रोड, दिंडोरी रोड, पाथर्डी फाटा, तिथंही आहेतच. ज्या दिवशी तुमच्या मुलीचा मुहूर्त, त्याच दिवशी शेजारच्या लॉन्समध्येही लग्न, त्याच्या शेजारीही लग्न. तीन वराती, तीन बँड आणि गाड्यांच्या रांगा. म्हणून तारीख दाट मुहूर्ताची असेल तर दोन गोष्टी बघा. गाड्या लावायची जागा त्या कार्यालयाची स्वतःची आहे की बाजूचा मोकळा प्लॉट आहे? प्लॉट असेल तर मालक कधीही कुंपण घालू शकतो. आणि दुभाजकातून वळायची जागा कुठं आहे? कार्यालय समोर दिसत असतं आणि वळसा घ्यायला दूर पुढं जाऊन यावं लागतं, त्यात मुहूर्त हुकलेले नवरदेव मी पाहिलेत.

वऱ्हाड मुंबईचं असेल तर आणखी एक हिशेब. सकाळी मुंबईहून तपोवन एक्स्प्रेस निघते, परतीलाही संध्याकाळी तीच मिळते, त्यामुळे एका दिवसात येऊन जाणारी मंडळी तिच्यावर असतात. पंचवटी एक्स्प्रेस या कामाची नाही, ती सकाळी इकडून मुंबईला जाते. पण गाडी थांबते नाशिकरोडला आणि कार्यालय असतं गंगापूर रोडला. सगळं शहर ओलांडायचं, मध्ये द्वारका चौक. कार्यालय औरंगाबाद रोडला असेल तर बसवाल्याला जेल रोडनं नांदूर नाक्याकडे घ्यायला सांगा, द्वारकेच्या कोंडीत शिरूच नका. पाहुणे बहुतेक रेल्वेनं येणार असतील, तर नाशिकरोड परिसरातली जागा जरा साधी असली तरी मी तीच घेईन.

लॉन्स घ्यायचं की बंद हॉल, हे हवेवर ठरवा. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा किती उतरला, हे आपण रोज पेपरात वाचतो. मग त्याच दिवसांत संध्याकाळचा गोरज मुहूर्त धरून उघड्यावर पंगत कशी काय मांडतो? ताट वाढून होईपर्यंत भात गार. म्हातारी माणसं शाली गुंडाळून, कान बांधून जेवतात आणि नवरीला तर शालही घेता येत नाही, फोटो असतात ना! एप्रिल-मेमध्ये उलटं, दुपारचं ऊन सोसवत नाही आणि अवकाळी कधी येईल ते द्राक्षवाल्यांना विचारा. लॉन्स घेणार असाल तर त्याला लागून छताचा हॉल आहे का, तो त्या दिवशी तुम्हालाच मिळणार का आणि भाड्यात धरलाय का, हे लिहून घ्या. वातानुकूलित बँक्वेट घेणार असाल तर आत होम करू देतात का, हे आधी विचारा. कित्येक ठिकाणी धुरामुळे नको म्हणतात. मग सप्तपदीला नवरा-नवरी बाहेरच्या पोर्चमध्ये, आणि पाहुणे आत सूप पीत बसलेले.

भाडं तासांचं असतं, हे पावती वाचली की कळतं. कुठं आदल्या दिवशी संध्याकाळी पाचपासून दुसऱ्या दिवशी चारपर्यंत, कुठं नुसती एक पाळी. हळद आणि सीमांतपूजन आदल्या रात्री तिथंच करायचं असेल तर या तासांवर सगळं अवलंबून आहे. हळदीच्या नाचाबद्दलही स्पष्ट बोला. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. वर्षातले मोजके दिवस सरकार १२ पर्यंत सूट देतं, पण ती सणांसाठी, तुमच्या हळदीसाठी नव्हे. 'आपलं सगळं सेटिंग आहे' असं सांगणाऱ्या मॅनेजरच्या भरवशावर राहू नका, पोलीस आले की तो सापडत नाही.

जनरेटर आहे, पण डिझेल कुणाचं? पाणी कमी पडलं तर टँकर कुणी बोलवायचा? सांगितलेला आकडा जीएसटी धरून की सोडून? बाहेरचा केटरर आणला तर कार्यालय रॉयल्टी घेतं का? यात माझा स्वार्थ आहे, उघडच सांगते. पण ही रॉयल्टी शेवटी ताटाच्या दरात चढते आणि ती भरता तुम्हीच. अनामत कधी परत मिळणार, आणि घरात काही वाईट घडून तारीख बदलावी लागली तर भरलेले पैसे पुढच्या तारखेला धरणार का, हेही पावतीच्या मागे लिहून सही घ्या.

बंद हॉलला बाहेर पडायचे निदान दोन रस्ते हवेत आणि दुसऱ्या दाराला कुलूप नको. आगीबाबतचा राज्याचा कायदा २००६ चा आहे. त्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचा दाखला दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. तो बघायला मागा. मॅनेजर तुमच्याकडे विचित्र नजरेनं बघेल, बघू द्या.

सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत. सिंहस्थात लग्न करावं की नाही, ते आपापल्या गुरुजींना विचारा. पण त्या काळात तारीख धरणार असाल तर पाहुण्यांच्या खोल्या कार्यालयाबरोबरच बुक करा. नवरदेवाकडच्या मंडळींना उतरायला कार्यालयातच चार खोल्या मिळाल्या तर उत्तम.

आणि हो, पावतीवर मॅनेजरचा नंबर असतोच. वॉचमनचा वेगळा लिहून घ्या. आदल्या रात्री दीड वाजता वऱ्हाडाची बस दारात उभी राहते, तेव्हा खोल्यांच्या किल्ल्या त्याच्याकडेच असतात.

नमस्कार.